पाणी मुरू द्यावे : काचपेटीत मासे पाळू इच्छिणाऱ्यांसाठी पहिला पाठ

भात, भाजीपाला, खते व बांधबंदिस्ती हे विषय सोडून शेतकऱ्यांच्या मासिकात काचेच्या पेटीत मासे पाळण्याविषयी लेख आलेला पाहून काही वाचकांस नवल वाटेल. त्यातून प्रस्तुत लेखक मुरब्याचा राहणारा. मुरबे हे पालघर तालुक्यातील खाडीकाठचे गाव असून खाडीच्या पलीकडे सातपाटी आहे. या किनाऱ्यावर मासा हे अन्न आहे व मासा हाच अनेकांच्या पोटाचा उद्योग आहे. ज्या पापलेटामुळे सातपाटीचे नाव सर्वत्र झाले, त्यास २०२३ साली महाराष्ट्र शासनाने राज्यमासा म्हणून जाहीर केले. अशा ठिकाणी मासा विकत आणावा, तो न खाता पेटीत ठेवावा आणि उलट आपणच त्यास खाऊ घालावे, हा शेजाऱ्यापाजाऱ्यांस रिकामटेकड्या पेन्शनराचा छंद वाटल्यास त्यांचा दोष नाही.

तथापि या छंदात नवशिक्याच्या हातून जी चूक हमखास होते, ती चूक शेतकऱ्याने करू नये अशी आहे. कारण तिचे उत्तर त्याच्या उकिरड्यात पूर्वीपासून पडलेले आहे. ती चूक मी स्वतः केली. तिची हकिकत आधी सांगून मग रीत सांगतो.

माझी चूक

महसूल खात्यातील कारकुनी संपवून घरी बसल्यावर नातीच्या हट्टाखातर मी दोन फूट लांबीची एक काचपेटी आणली. त्याच दिवशी तीत वाळू घातली, नळाचे पाणी भरले आणि संध्याकाळी नऊ मासे सोडले : चार गप्पी, तीन मॉली व दोन सोनमासे. नात आठ वर्षांची. तिने प्रत्येकास नाव दिले व दिवसातून चार वेळा चिमूट चिमूट खाणे घातले. पाचव्या दिवशी पाणी दुधासारखे गढूळ झाले आणि मासे वर येऊन तोंडे उघडू मिटू लागले. पाणी घाण झाले असे समजून मी मासे बादलीत काढले, वाळू नळाखाली चोळून चोळून धुतली, गाळणीचा स्पंज पिळून लख्ख केला व पेटी पुन्हा नव्या पाण्याने काठोकाठ भरली. घरातील सर्वांनी माझ्या स्वच्छतेची वाखाणणी केली.

त्या रात्री दोन्ही सोनमासे गेले. पुढील आठ दिवसांत उरलेले एकेक करून गेले. शेवटचा गप्पी उताणा झालेला पाहून नातीने विचारले, "आजोबा, तुम्ही तर पाणी स्वच्छ केले होते ना?" तीस वर्षे दप्तर सांभाळले, नाना प्रकारच्या अर्जांस उत्तरे लिहिली; परंतु या प्रश्नास मजजवळ उत्तर नव्हते. पेटी माळ्यावर टाकावी असे घरात सर्वांचे मत पडले. मुलीने मात्र काही मत दिले नाही. ती त्या खोलीत जाईनाशी झाली. सबब या मृत्यूंचा पंचनामा करणे मला भाग पडले.

कच्चे शेण व कच्चे पाणी

पुस्तके पाहता व जाणत्यांस विचारता जे कळले, ते वास्तविक मला लहानपणीच कळावयास हवे होते. पंधरा-सोळा वर्षांचा असताना मी वांग्याच्या रोपांस गोठ्यातले ताजे शेण घातले व चार दिवसांत रोपे करपली. तेव्हा वडील एवढेच म्हणाले, "कच्चे शेण जाळते, मुरलेले खत पोसते." शेण तेच, परंतु मधला काळ व त्या काळात घडणारी क्रिया यांनी विषाचे अन्न होते.

पाण्यातही हेच घडते. माशाच्या कल्ल्यांवाटे व विष्ठेवाटे, तसेच न खाल्लेले अन्न कुजून, पाण्यात अमोनिया उत्पन्न होतो. युरिया मातीत पडल्यावर जो वायू नाकास झोंबतो तोच हा. अत्यल्प प्रमाणातही तो माशाचे कल्ले जाळतो. विशिष्ट जातीचे सूक्ष्म जंतू या अमोनियाचे नायट्राइट करितात. हे नायट्राइटही घातक आहे. त्याच्या योगाने रक्तास प्राणवायू वाहून नेता येत नाही व मासा पाण्यात असून गुदमरतो. नंतर दुसऱ्या जातीचे जंतू या नायट्राइटचे नायट्रेट करितात. नायट्रेट माशास बेताच्या प्रमाणात सोसते, आणि वनस्पतीस तर ते अन्नच होय. शेतकरी ज्यास नत्र म्हणतो व ज्यासाठी पैसे मोजतो, त्याचेच हे रूप आहे.

हे उपकारक जंतू पाण्यात फारसे तरंगत राहत नाहीत. ते वाळूच्या कणांवर, दगडांवर व गाळणीच्या स्पंजावर बुळबुळीत थर करून राहतात. नव्या पेटीत ते जवळजवळ नसतातच. त्यांची वस्ती पुरेशी वाढण्यास साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. मी पहिल्याच दिवशी नऊ मासे सोडले, म्हणजे बियाण्याखाली कच्चे शेण पसरले. आणि पाचव्या दिवशी जे थोडे जंतू कोठे रुजू लागले होते तेही घासून काढून नळातील औषधी पाण्याने मारून टाकले. पाणी डोळ्यास स्वच्छ दिसत होते खरे; पण ते मुरलेले नव्हते.

पिता व पुत्र

या विषयाचा इतिहास शेतकऱ्यास विशेष रुचेल असा आहे. इंग्लंडात रॉबर्ट वॉरिंग्टन नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांनी सुमारे बारा गॅलनांच्या काचपात्रात वाळू, दगड, फितीसारख्या लांब पानांची व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती आणि दोन लहान सोनमासे ठेवून प्रयोग केला. वनस्पतीची जुनी पाने कुजून पाणी बिघडू लागले, तेव्हा त्यांनी तळ्यातील गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने खाऊन टाकली व पाणी निवळले. मासा, वनस्पती व गोगलगाय ही एकमेकांच्या आधाराने राहू शकतात, हे त्यांनी १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडले. घरगुती मत्स्यपात्राची विद्या फार करून येथून सुरू झाली. पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांस पाहण्यासाठी मत्स्यगृह उघडले. आपल्याकडे मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. आमच्या पिढीतील पुष्कळांनी काचेमागचा मासा प्रथम तेथेच पाहिला.

तथापि पात्रातील पाणी नेमके कशाने सुधारते याचे पूर्ण उत्तर मत्स्यगृहांतून निघाले नाही. ते शेतीच्या संशोधनातून निघाले. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग व म्यून्त्झ या दोघांनी वाळू व चुनखडी भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. सुमारे वीस दिवस अमोनिया जसाच्या तसा बाहेर आला. त्यानंतर मात्र त्याऐवजी नायट्रेट येऊ लागले. केवळ रसायनाची क्रिया असती तर ती पहिल्याच दिवशी झाली असती. वीस दिवस थांबण्याचे कारण काय? मग त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली, तो क्रिया बंद पडली. पुढे थोड्या मातीचे धुवण नळीत घालताच काही दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली. यावरून हे काम सजीवांचे आहे असे सिद्ध झाले.

यानंतर रोथॅमस्टेड येथील प्रसिद्ध शेतकी संशोधन केंद्रात ज्यांनी हा शोध पुढे नेला व ही क्रिया दोन पायऱ्यांनी आणि दोन निरनिराळ्या प्रकारच्या जंतूंकडून होते असे दाखविले, त्यांचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टन. काचपात्रवाल्या वॉरिंग्टन यांचे हे चिरंजीव! रशियन शास्त्रज्ञ विनोग्राड्स्की यांनी १८९० च्या सुमारास हे जंतू वेगळे करून दाखविले. पित्याने पात्रात जे पाहिले त्याचे कारण पुत्रास शेतातील मातीत सापडले.

वाचकांनी आता माझ्या चुकीकडे पाहावे. वीस दिवस थांबावयाचे ते मी एक दिवसही थांबलो नाही. आणि श्लेझिंग यांनी मुद्दाम क्लोरोफॉर्म दिला तसे मी न कळत क्लोरीन दिले. आता रीत सांगतो.

१. पेटी व जागा

गोल काचेचा कुंभ घेऊ नये. त्यात पाणी थोडे, हवेस उघडा असलेला पृष्ठभाग लहान व बिघाड जलद. लहान भांडे सांभाळण्यास सोपे, ही समजूत उलटी आहे. पाणी जितके अधिक तितका त्याचा पालट सावकाश होतो व चूक सुधारण्यास वेळ मिळतो. नवशिक्याने दोन फूट लांब, एक फूट रुंद व एक फूट उंच अशी पेटी घ्यावी. तिचे आकारमान दोन घनफूट, म्हणजे सुमारे ५६ लिटर. वाळू व वरची मोकळी जागा सोडता ४५ लिटरपर्यंत पाणी राहते. काच, वाळू व पाणी मिळून वजन ७० किलोंच्या आसपास जाते. सबब टेबल मजबूत व समपातळीत असावे आणि पेटीखाली थर्मोकोलचा पत्रा घालावा, म्हणजे तळाच्या काचेवर एकाच ठिकाणी भार येत नाही. खिडकीच्या उन्हात पेटी ठेवल्यास पाणी तापते व शेवाळ माजते. भरलेली पेटी कधीही उचलू नये.

२. वाळू

नदीची जाड वाळू चांगली. ती पाणी निवळ येईपर्यंत धुवावी. साबण अथवा सोडा बिलकूल लावू नये. तळाशी दोन इंचांचा थर पुरे. किनाऱ्यावरील वाचकांस एक विशेष सूचना : आपल्या समुद्राची वाळू फुकट मिळते म्हणून आणू नये. तीत मीठ असतेच, शिवाय शिंपल्यांचा चुरा असतो. तो विरघळून पाणी जड व अल्कधर्मी होते, आणि पाणी जितके अल्कधर्मी व उष्ण तितका अमोनिया अधिक जहाल. वाळूविषयी शंका असल्यास चिमूटभर कोरड्या वाळूवर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे आल्यास तीत चुना आहे असे समजून ती सोडून द्यावी.

३. पाणी

खाडीकाठच्या विहिरींस उन्हाळ्यात मचूळपणा येतो. गप्पी व मॉली हे मासे थोडा खारटपणा सहन करितात. इतर पुष्कळ जाती करीत नाहीत. जे पाणी आपण पिण्यास घेतो त्यानेच आरंभ करावा. मात्र नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि पावसाळ्यात ग्रामपंचायती विहिरींत ब्लीचिंग पावडर, जिला गावात टीसीएल म्हणतात, ती टाकतात. माणसाचे आरोग्य राखण्यास ते आवश्यकच आहे. पण मासा व जंतू या दोघांसही ते मारक आहे. सबब पाणी रुंद तोंडाच्या भांड्यात निदान एक दिवस उघडे ठेवून व मधूनमधून ढवळून मगच वापरावे. विहिरीत नुकतीच पावडर पडली असल्यास चार दिवस त्या पाण्यास हात लावू नये. कूपनलिकेच्या पाण्यात प्राणवायू कमी असतो; तेही असेच उघडे ठेवून ढवळावे.

४. गाळणी व वनस्पती

हवेच्या लहान पंपावर चालणारी स्पंजाची गाळणी स्वस्त व नवशिक्यास उत्तम आहे. ती पाणी गाळते, हवा खेळविते आणि मुख्य म्हणजे जंतूंस घर देते. ती रात्रंदिवस चालू असावी. वीज काही तास गेली तरी मासे थोडे असल्यास धोका नाही. गर्दी असल्यास मात्र भांड्याने पाणी उचलून वरून ओतावे, म्हणजे हवा मिसळते.

लांब पानांची व्हॅलिसनेरिया व हायड्रिला या वनस्पती आपल्याकडील तळ्यांत आढळतात. त्या अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात आणि दिवसा प्राणवायू देतात. रात्री मात्र त्याही प्राणवायू घेतात, हे विसरू नये. तळ्यातून आणल्यास नीट पाहून धुवाव्या व आठवडाभर वेगळ्या बादलीत ठेवाव्या. भातखाचराजवळून, विशेषतः फवारणी झालेल्या शिवारातून, काहीही आणू नये.

५. पाणी मुरविणे

हा या पाठाचा गाभा होय. पेटी भरून गाळणी सुरू करावी. मासे सोडू नयेत. रोज माशांच्या खाण्याची एक चिमूट रिकाम्या पेटीत टाकावी. ते कुजून अमोनिया होतो व जंतूंस अन्न मिळते. चार-सहा दिवसांनी पाणी गढूळ दिसेल. भिऊ नये, ते आपोआप निवळते. पाण्यातील अमोनिया व नायट्राइट पाहण्यासाठी थेंब टाकून रंग तपासण्याच्या बाटल्या मत्स्यसाहित्याच्या दुकानी मिळतात; पहिल्या पेटीस तो खर्च अवश्य करावा. प्रथम अमोनिया चढतो व उतरतो. मग नायट्राइट चढते व उतरते. शेवटी दोन्ही शून्यावर येऊन नायट्रेट दिसू लागते. ज्या दिवशी हे घडेल त्या दिवशी पाणी मुरले.

हा काळ कमी करण्याचा एक मार्ग आहे, तो आपल्या गृहिणींस शिकवावा लागणार नाही. दुधास विरजण लावितात, त्याप्रमाणे जुन्या व निरोगी पेटीतील मूठभर वाळू अथवा वापरलेला स्पंज ओल्या फडक्यात आणून नव्या पेटीत ठेवावा. तो वाटेत सुकू देऊ नये. माझ्या दुसऱ्या खेपेस बोईसरच्या एका स्नेह्याने अशी वाळू दिली व माझे पाणी तिसऱ्या आठवड्यात तयार झाले. तरीही तपासणी केल्यावाचून विश्वासू नये.

रिकाम्या पेटीकडे पाहत बसणे मुलांस कठीण जाते. नातीस मी एक वही आखून दिली : तारीख, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व शेरा असे पाच रकाने. तिने रोज थेंब टाकून रंग पाहिला व आकडा लिहिला. 'आज काही नाही' असा शेरा तिने अकरा वेळा लिहिला. बाराव्या दिवशी अमोनिया उतरलेला पाहून तिने तो आकडा घरातील प्रत्येकास दाखविला. मासे नसताना ती पुन्हा त्या खोलीत बसू लागली होती.

६. मासे कोणते व किती

या आकाराच्या पेटीत सहा ते आठ लहान मासे पुष्कळ झाले. प्रथम तीनच आणावे, दोन आठवड्यांनी उरलेले. कारण जंतूंची वस्ती अन्नाच्या मानाने वाढते. गप्पी हा नवशिक्याचा मासा. मात्र नर व मादी एकत्र ठेवल्यास महिन्या-दीड महिन्यास पिल्ले होतात व पेटी भरून जाते. ती जबाबदारी नको असल्यास नरच ठेवावे. अंगावर निळसर पट्टे असलेला झेब्रा मासा मूळचा हिंदुस्थानातील व शेजारच्या देशांतील ओढ्यांचा असून काटक आहे; तो पाच-सहांच्या टोळीने ठेवावा. फायटर जातीचे दोन नर एकत्र ठेवल्यास एकमेकांस फाडतात. सोनमासा दिसावयास देखणा. पण तो मोठा होतो, घाण फार करितो व त्यास याहून मोठी पेटी लागते. मला तो विकणाऱ्याने हे सांगितले नाही व मीही विचारले नाही.

आणलेली पिशवी पंधरा-वीस मिनिटे पेटीच्या पाण्यावर तरंगत ठेवावी, म्हणजे उष्णता सारखी होते. मग अर्धा तासभर थोडे थोडे पेटीचे पाणी पिशवीत घालून मासे जाळीने उचलून सोडावे. दुकानाचे पाणी पेटीत ओतू नये. आपल्या किनाऱ्यावरील हवेत या जातींस पाणी तापविण्याचे यंत्र बहुधा लागत नाही. उष्णतेत एकाएकी फरक पडू न देणे एवढे पुरे.

७. खाणे

उपासाने मरणाऱ्या माशांपेक्षा अजीर्णाने, म्हणजे वास्तविक कुजलेल्या अन्नाने, मरणारे मासे अधिक. दिवसातून एकदा अथवा दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच घालावे. आठवड्यातून एक दिवस उपास घडला तर चांगलेच. भात, पोळी अथवा पाव घालू नये. घरात पाहुणे आले की प्रत्येकास खाणे घालण्याची हौस येते. सबब डबी मुलाच्या आवाक्यात नसावी, पाहुण्याच्या तर मुळीच नसावी.

८. पाणी बदलणे

सर्व पाणी एकदम कधीही बदलू नये. आठवड्यास चौथा हिस्सा, म्हणजे अकरा-बारा लिटर, नळीने तळातील घाणीसह ओढून काढावे व तितकेच मुरत ठेवलेले पाणी हळूहळू भरावे. स्पंज धुणे झाल्यास या काढलेल्या पाण्यातच दोनदा दाबून घ्यावा; नळाखाली धरू नये. काढलेले पाणी मोरीत ओतणे म्हणजे खत टाकून देणे होय. माझ्या परसातील अळू व मिरचीस ते दर रविवारी मिळते.

९. शेतकऱ्याने विशेष जपावयाचे

भाजीपाल्यावर फवारली जाणारी सायपरमेथ्रिनसारखी औषधे माणसास बेताची व माशास अत्यंत जहाल असतात. फवारणी करून आलेला हात साबणाने धुतल्यावरही पेटीत घालू नये. पेटीची बादली, नळी व फडके निराळे ठेवावे आणि त्यांचा शेतात उपयोग करू नये. डास घालविण्याच्या वड्या व द्रव यांतही बहुधा याच कुळातील औषध असते; ते पेटीच्या खोलीत लावू नये. हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलतो, हे ध्यानात असावे.

१०. बिघाडाची चिन्हे

मासे वर येऊन श्वास घेऊ लागले, पंख अंगास चिकटवून एका कोपऱ्यात राहिले, अथवा खाण्याकडे वळेनात, तर औषध शोधण्याआधी पाणी तपासावे. अमोनिया अथवा नायट्राइट आढळल्यास खाणे बंद करून मुरत ठेवलेल्या पाण्याने चौथा हिस्सा रोज बदलावा. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसल्यास तो परोपजीवी जंतूंचा सांसर्गिक रोग होय. त्याचे औषध दुकानी मिळते, परंतु नवे मासे दोन आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवून मग पेटीत सोडणे हा खरा उपाय आहे.

ओढ्यात सोडू नये

छंदाचा कंटाळा आला अथवा पिल्ले फार झाली म्हणजे दयाळू माणूस मासे ओढ्यात नेऊन सोडतो. ही दया अनाठायी आहे. काच चाटणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा दक्षिण अमेरिकेतील असून तो हात-हात लांब होतो. लोकांनी तो पाण्यात सोडल्यामुळे देशातील अनेक जलाशयांत पसरला आहे. आपल्या उजनी जलाशयातही तो मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो, जाळी फाडतो व त्यास कोणी विकत घेत नाही.

गप्पीचीही तीच गोष्ट. तो डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्य खाते हिवताप व डेंग्यू आवरण्यासाठी बंद विहिरींत व टाक्यांत तो सोडते, आणि तेथे तो उपयोगीही आहे. परंतु तोही परदेशचा. वाहत्या ओढ्यात व पाणथळीत तो गेल्यास आपल्याकडील लहान मासे मागे पडतात. डोक्यावर चांदीसारखा ठिपका असलेला, पाण्याच्या पृष्ठभागी फिरणारा जो लहान मासा आपल्या खाचरांत व ओढ्यांत दिसतो, तो हेच काम पूर्वीपासून फुकट करीत आला आहे. नकोसे मासे दुकानदारास परत द्यावे अथवा दुसऱ्या पेटीवाल्यास द्यावे.

समारोप

थोडक्यात नियम इतकेच : पेटी मोठी, मासे थोडे, खाणे कमी, पाण्यास मुरण्यास वेळ, आणि एकदम सर्व स्वच्छता कधीही नाही. हे पाळणाऱ्याचे मासे सहसा दगावत नाहीत.

माझ्या दुसऱ्या पेटीस आता दोन वर्षे होत आली. तीत सहा झेब्रे व दोन गप्पी आहेत. वहीचे रकाने चालू आहेत. 'मासे हजर' असा एक सहावा रकाना नातीने स्वतः वाढविला आहे. तिच्या त्या दिवसाच्या प्रश्नास मी उशिरा का होईना उत्तर दिले : पाणी स्वच्छ दिसणे निराळे आणि ते जिवास मानवणे निराळे.

हे उत्तर पेटीपुरते नाही. तारापूर औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्याने आमची खाडी व समुद्र बिघडतो, या गाऱ्हाण्यावर मांगेला समाजाच्या परिषदेने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, हे या भागातील वाचकांस ठाऊक आहे. त्या वादातील अमोनिया, प्राणवायू वगैरे शब्द पूर्वी मी दप्तरातील शब्द म्हणून वाचीत असे. आता त्यांचा अर्थ डोळ्यांनी पाहिला आहे. पेटीतील पाणी बिघडले तर बादलीभर बदलता येते. खाडीस तसे करता येत नाही. घराघरांतील मुलांनी एक पेटी नीट सांभाळली, तर मोठेपणी पाण्याविषयीचा अहवाल त्यांस निदान वाचता येईल, आणि शेतातून कोणते पाणी खाडीकडे सोडावे याचाही ती विचार करतील.

ज्या सभासदांनी असा प्रयोग केला असेल अथवा पुढे करतील, त्यांनी आपला अनुभव, विशेषतः आपली चूक, या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावी. यश सर्वच कळवितात. चुकीपासून इतरांचे मासे वाचतात.